जुन्या एस्टीमला नव्या स्विफ्टचे मोठे ब्रेक बसवावेत का? (आंबेनळी घाटाच्या निमित्ताने)

अजिंक्यताऱ्याचा_पायथा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९९ सालची मारुती एस्टीम आहे. ती वडिलांनी घेतली होती आणि गेली तेरा वर्षे मी चालवतो आहे. विकण्याचा विषय घरात निघाला की आई दोन दिवस अबोला धरते, म्हणून तो पर्याय कृपया कोणी सुचवू नये.

सासुरवाडी महाडला असल्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा सातारा, मेढा, केळघर, महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर असा आमचा प्रवास होतो. मागच्या मे महिन्यात गाडीत आम्ही पाच जण आणि डिकीत गव्हाची दोन पोती होती. घाट निम्मा उतरून झाल्यावर करपल्यासारखा वास येऊ लागला, त्यानंतर दोन-तीन वळणांतच पॅडल मऊ पडले आणि एका वळणावर ते जवळजवळ तळाला टेकले. हँडब्रेक आणि खालचा गिअर यांच्या आधाराने गाडी कडेला घेतली. पाऊण तासाने पॅडल पुन्हा वर आले आणि उरलेला घाट आम्ही मुंगीच्या पावलाने उतरलो. बराच उतार मी चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवरच ठेवून आलो होतो, हे आधीच कबूल करतो.

साताऱ्याला परतल्यावर गॅरेजवाल्यांनी सांगितले की या गाडीच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) लहान आहेत, स्विफ्टच्या डिस्क आणि कॅलिपर (त्यांना चिमटीत धरणारा भाग) बसवले की गाडी जागच्या जागी उभी राहील. त्यांच्या सांगण्यावरून मी कोल्हापूरच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून दोन डिस्क आणि दोन कॅलिपर साडेचार हजारांना आणलेही आहेत. मात्र प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी ज्यांनी असा बदल केला आहे किंवा ज्यांना त्यातले शास्त्र कळते, त्यांचे मत घ्यावे असे वाटले.

पसरणीकर

मी वाई ते महाबळेश्वर या मार्गावर पर्यटकांची गाडी एकोणीस वर्षे चालवतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले गेले. पसरणीच्या उतारावर दुसरा गिअर टाकला की पाय पॅडलवर क्वचितच ठेवावा लागतो, आणि ठेवलाच तर ठामपणे दाबून लगेच सोडायचा असतो. आपण चौथ्या गिअरमध्ये आंबेनळी उतरलात, तर कोणत्याही गाडीच्या डिस्क लावल्या तरी वास येणारच.

निवृत्त_निदेशक

धागाकर्त्यांनी लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारत असे, की ब्रेक गेले तेव्हा पॅडल घट्ट होते की मऊ? पॅडल घट्ट आहे, पायात जोर आहे आणि तरीही गाडी थांबत नाही, तर पॅड (डिस्कवर घासणारे) किंवा लायनर (मागच्या ड्रमच्या आत घासणारे) तापून त्यांची पकड गेलेली असते. पॅडल मऊ होऊन खाली जाते आणि गाडी थंड झाल्यावर आपोआप वर येते, तर ब्रेक ऑईल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये वाफेचा बुडबुडा झाला की पायाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. आपल्या बाबतीत दुसरा प्रकार घडलेला आहे आणि डिस्कच्या आकाराशी त्याचा संबंध असला तरी तो दूरचा आहे. ते ऑईल शेवटचे कधी बदलले होते, ते कृपया सांगावे.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु ओलावा शोषलेल्या अवस्थेसाठी हीच मर्यादा १४० अंशांची आहे. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ आहेत. महाबळेश्वर-जावळीच्या पावसात वावरणाऱ्या गाडीचे ऑईल पाच-सहा वर्षे बदललेले नसेल, तर ते १४० च्या बाजूला पोहोचलेले आहे असेच धरून चालावे.

आता मोठ्या डिस्कविषयी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणच्या सपाटीला आहे, म्हणजे चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात गाडी साधारण १,३०० मीटर खाली येते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,२०० किलो मानले, तर या उतारात सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी हीच गाडी सपाट रस्त्यावर पूर्ण थांबवायला सुमारे तीन लाख ज्यूल लागतात. याचा अर्थ आंबेनळी एकदा उतरणे म्हणजे ऐंशीच्या वेगावरून पन्नास वेळा गाडी थांबवणे, आणि तेही मध्ये विश्रांती न देता. यातला साधारण एक तृतीयांश भाग टायरांच्या घर्षणात जातो, काही हवेच्या विरोधात जातो आणि उरलेला इंजिन व ब्रेक यांनी वाटून घ्यायचा असतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आपला वाटा जवळजवळ उचलत नाही.

ताशी ८० वरून एकदा थांबताना पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला अंदाजे एक लाख ज्यूल येतात. डिस्क चार किलोची असेल तर तिचे तापमान एका थांब्याला पन्नासेक अंशांनी वाढते. साडेपाच किलोची असेल तर अडतीस अंशांनी. मोठ्या डिस्कचा खरा लाभ हाच, की ती सावकाश तापते, आणि आतून हवा खेळणारी असेल तर लवकर निवते. ‘गाडी जागच्या जागी उभी राहील’ हे मात्र खरे नव्हे. आपले आत्ताचे ब्रेक कोरड्या डांबरावर चाक जाम करू शकत असतील, तर थांबण्याचे अंतर टायरची पकड ठरवते, डिस्क ठरवत नाही. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ऐंशीवरून थांबायला तीस-बत्तीस मीटर लागतात आणि डिस्क बैलगाडीच्या चाकाएवढी केली तरी तितकेच लागतील.

अजिंक्यताऱ्याचा_पायथा

निदेशक सर, मनःपूर्वक आभार. ऑईल शेवटचे कधी बदलले याची नोंद माझ्याकडे नाही. वडिलांच्या वहीत २०१४ सालची एक नोंद आहे आणि त्यानंतर फक्त वरून भर घातली गेली असावी. हे लिहितानाही संकोच वाटतो आहे. तरीही एक शंका राहते. मोठी डिस्क सावकाश तापते हे आपणच म्हणता, मग घाटात जाणाऱ्या माणसाने ती बसवणे शहाणपणाचे नाही का?

वारणाकाठ

मी सांगलीचा. हाच बदल माझ्या एस्टीमवर चार वर्षांपूर्वी केला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. बदल होतो. पण गॅरेजवाले ज्याला दोन दिवसांचे काम म्हणतात, त्याला मला पाच महिने लागले.

पहिली अडचण चाकाच्या बोल्टांची आली. एस्टीमच्या चाकाला चार बोल्ट ११४.३ मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि स्विफ्टचे चार बोल्ट १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर असतात. डिस्क तशीच्या तशी हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, बसतच नाही. माझ्या डिस्कमध्ये जुन्या छिद्रांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ४५ अंश फिरवून, नवी चार छिद्रे पाडून घेतली आणि मधले भोक हबला घट्ट बसेल असे करून घेतले. हे काम रस्त्याकडेच्या ड्रिल मशीनवर करू नये. पहिला जोड मी तसाच करून घेतला होता, तेव्हा डायल गेज लावल्यावर डिस्क पाव मिलीमीटर डुलताना दिसली आणि ताशी साठच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत असे. तो जोड भंगारात गेला. दुसऱ्या वेळी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नेमक्या मापाचे काम करणाऱ्याकडे गेलो आणि डुलणे एक दशांश मिलीमीटरच्या आत आणले.

दुसरी अडचण चाकाची. मूळ १३ इंची चाकात मोठा कॅलिपर मावला नाही, तो रिमला घासू लागला. म्हणून १४ इंची चाके घेतली, तीसुद्धा ११४.३ च्या वर्तुळाचीच शोधावी लागली. टायरची उंची बदलू नये म्हणून १७५/७० आर १३ च्या जागी १८५/६० आर १४ घातले. दोन्हींच्या एकूण व्यासात अडीच मिलीमीटरचाच फरक असल्यामुळे वेगदर्शक काटा खोटे बोलत नाही. चाकाचा ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसते ते माप) मात्र काळजीपूर्वक जुळवावा, कारण चाक बाहेर आले की बेअरिंगवरचा भार वाढतो आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग ओढू लागते.

तिसऱ्या गोष्टीचा मला आधी पत्ताच नव्हता. कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की त्याला ढकलायला जास्त ऑईल लागते. समजा जुना पिस्टन ४८ मिलीमीटरचा आहे आणि नवा ५४ चा, तर त्याचे क्षेत्रफळ सव्वापट होते. मास्टर सिलेंडर (पॅडलच्या जोराने ऑईल ढकलणारा भाग) जुनाच राहिला तर तेवढ्याच दाबाने डिस्क जास्त जोराने धरली जाते हे खरे, पण पॅडल त्या प्रमाणात खोल जाते. माझे पॅडल इतके खोल जाऊ लागले की सौभाग्यवतींनी गाडी चालवायला साफ नकार दिला. शेवटी मोठ्या बोअरचा मास्टर सिलेंडर शोधला. तो बसवल्यावर पॅडल वर आले, पण दाबायला थोडे जड झाले. पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर मूळचाच असल्यामुळे ते हलके करण्याचा उपाय उरला नाही.

चौथ्या अडचणीवर माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. पुढचे ब्रेक बळकट झाले आणि मागचे ड्रम तसेच राहिले. कोरड्या रस्त्यावर काही जाणवत नाही. पहिल्या पावसात मात्र सांगली-इस्लामपूर रस्त्यावर थोडा जोराने ब्रेक लावताच पुढची चाके जाम झाली आणि गाडी सरळ घसरत गेली. मागची चाके थांबवण्याच्या कामात आपला वाटा देण्याआधीच पुढच्यांनी पकड सोडली होती. या गाडीला एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, आणि नव्या गाडीचे एबीएस जुन्या गाडीत उचलून बसवणे हे डिस्क बसवण्यासारखे काम नव्हे. आता मी पावसात पाय अगदी हलका ठेवतो. एवढा खर्च करून पावसात पाय हलका ठेवायचा, याचे आमच्या घरी अजून हसू होते.

लेथवरचा_माणूस

वारणाकाठ यांनी ब्रॅकेटविषयी लिहिले नाही, ते मी लिहितो. कॅलिपर नव्या जागी धरण्यासाठी नकल (चाकाचा हब धरणारा ओतीव भाग) आणि कॅलिपर यांच्यामध्ये जी पट्टी लागते, ती करून मागायला आमच्याकडे महिन्यातून एखादा तरी माणूस येतो. बहुतेकांच्या हातात पुठ्ठ्याचा नमुना असतो. मी त्यांना परत पाठवतो.

जोरात ब्रेक लागतो तेव्हा चाकाला थांबवणारा सगळा पीळ त्या पट्टीवर आणि तिच्या दोन बोल्टांवर येतो. पट्टी वाकली, तिचा वेल्ड सुटला किंवा बोल्ट तुटला, तर कॅलिपर चाकात फिरून अडकतो. म्हणून ती एकसंध पोलादी ठोकळ्यातून कातलेली असावी, वेल्ड केलेली मुळीच नसावी, आतले कोपरे गोलाईचे असावेत, बोल्ट १०.९ प्रतीचे असावेत आणि ते टॉर्क पान्यानेच आवळलेले असावेत. पट्टीची दोन्ही तोंडे एकमेकांशी समांतर नसतील तर पॅड तिरके झिजतात, आणि कॅलिपरचा मध्य डिस्कच्या मध्याशी जुळला नाही तर एक पॅड दुसऱ्याच्या आधी संपतो. मापे नकल सुटी करून, सपाट टेबलावर ठेवून घ्यावी लागतात. गाडीखाली झोपून टेपने घेतलेल्या मापावर मी काम करत नाही.

बोल्टाची आटी पट्टी आणि नकल यांच्या सांध्यावर येता कामा नये, तिथे बोल्टाचा गुळगुळीत भाग यायला हवा. ही गोष्ट लहान दिसते, पण तुटलेले बोल्ट मी आटीवरच तुटलेले पाहिले आहेत.

दावा_सर्वेक्षक

विम्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) प्रमाणे परवानगी नसलेला बदल, त्यात सुटे भाग नव्याने बसवणेही आले, केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

डिस्कचा व्यास नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो, हे मलाही ठाऊक आहे. पण अपघातानंतर गाडी माझ्यासमोर येते तेव्हा मी चाक काढून पाहतो, आणि तिथे दुसऱ्या गाडीचा कॅलिपर घरी केलेल्या पट्टीवर बसवलेला दिसला तर मला तसे लिहावे लागते. बदल करायचाच असेल तर आधी एमएच-११ च्या, म्हणजे साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. आपली गाडी पंधरा वर्षांपुढची असल्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी तिची तपासणी होतेच.

पसरणीकर

मागेही डिस्क लावल्या तर वारणाकाठ यांची चौथी अडचण सुटणार नाही का?

वारणाकाठ

सुटू शकते, पण मग हँडब्रेकची केबल, मागच्या दाबावर मर्यादा घालणारा व्हॉल्व्ह आणि मास्टर सिलेंडर या तिन्हींचा हिशेब नव्याने करावा लागतो. मागचे ब्रेक गरजेपेक्षा बळकट झाले तर पुढच्यांच्या आधी मागची चाके जाम होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. पुढची चाके जाम झाली तर गाडी निदान सरळ तरी जाते. मी त्या वाटेला गेलो नाही.

निवृत्त_निदेशक

धागाकर्त्यांच्या शंकेचे उत्तर राहून गेले होते. मोठी डिस्क घाटात उपयोगी आहे, यात वाद नाही. पण तिची गरज आहे की नाही, हे आत्ताचे ब्रेक मुळात जसे होते तसे काम करत असतील तरच ठरवता येते. पंचवीस वर्षांच्या गाडीत बहुधा ते तसे नसतात. ब्रेक ऑईल, पुढचे रबरी होज, कॅलिपरच्या सरकत्या पिना, मागचे व्हील सिलेंडर आणि लायनर हे सगळे एकदा मूळ स्थितीला आणावे आणि मग मोजमाप करावे.

मोजमापासाठी इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक हजार-पंधराशे रुपयांत मिळते. एखादा घाट नेहमीच्या पद्धतीने उतरून, खाली सुरक्षित जागी थांबून चारही चाकांच्या डिस्कचे व ड्रमचे तापमान लगेच टिपून घ्यावे. चकचकीत धातूवर ही बंदूक खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून आकड्यावर विसंबू नका, चाकांची आपसात तुलना करा. डावे-उजवे जवळपास सारखे यायला हवेत, आणि मागचे पुढच्यापेक्षा कमी असले तरी अगदी गार नसावेत.

मात्र दोष कुठे आहे ते कळावे म्हणून सुरुवातीला काहीही दुरुस्त न करता, फक्त ऑईल बदलून ही चाचणी घ्या, असे मी सुचवेन. आंबेनळी नको, यवतेश्वराचा घाट पुरे. कासकडून येताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

अजिंक्यताऱ्याचा_पायथा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

प्रथम ब्रेक ऑईल पूर्ण काढून डॉट ४ भरले आणि चारही चाकांतून हवा काढून घेतली. जुने ऑईल काळ्या चहासारखे निघाले आणि त्यात तळाशी गाळही होता. मग रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना कासहून यवतेश्वरमार्गे साताऱ्यात उतरलो आणि खाली आल्यावर बंदुकीने मोजले. पुढची उजवी डिस्क १८५ अंश, पुढची डावी १९०. मागचा उजवा ड्रम ८८ अंश. मागचा डावा ३४.

बंदूक बिघडली असावी असे वाटून मी त्या ड्रमला हात लावून पाहिला. सकाळच्या गारठ्यात तो जेमतेम कोमट होता. म्हणजे मागचे डावे चाक ब्रेक लावण्याच्या कामात सहभागीच नव्हते.

ड्रम उघडल्यावर व्हील सिलेंडरचे दोन्ही पिस्टन गंजून जागच्या जागी घट्ट झालेले निघाले. हँडब्रेकची केबल ताणून ठेवलेली असल्यामुळे उभ्या गाडीला तो ड्रम धरत होता आणि म्हणून इतकी वर्षे कोणाला शंकाही आली नाही. उजवा सिलेंडर चालत होता, पण त्याच्या रबरामधून ऑईल पाझरून लायनर ओला झाला होता. म्हणजे मागची दोन चाके मिळून जेवढे काम करायला हवे त्याच्या निम्मेही होत नव्हते. उरलेला भार पुढच्या डिस्कवर, म्हणजेच ओलावा शोषलेल्या अकरा वर्षांच्या ऑईलवर येत होता, आणि त्यात भर म्हणून चौथा गिअर आणि गव्हाची पोती. पुढच्या डिस्क लहान आहेत असे गॅरेजवाल्यांना का वाटले ते आता समजते. मागच्या चाकांच्या वाट्याचे कामसुद्धा त्याच करत होत्या.

मागचे दोन्ही व्हील सिलेंडर, लायनर आणि पुढचे दोन्ही होज नवे घातले, ड्रम कातून घेतले, पुढे चांगल्या प्रतीचे नवे पॅड घातले आणि कॅलिपरच्या पिना साफ करून वंगण लावले. मजुरीसह सहा हजारांच्या आसपास खर्च आला. त्यानंतर मागच्या शनिवारी महाडला गेलो. या खेपेला चार माणसे होती, गहू नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. आंबेनळी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये उतरून पोलादपूरच्या अलीकडे थांबलो. पुढे १६८ आणि १७२, मागे ९७ आणि ९४. पॅडल महाबळेश्वरला जेवढ्या उंचीवर होते तेवढ्याच उंचीवर राहिले.

निवृत्त_निदेशक

उत्तम. ३४ हा आकडा वाचून मी खुर्चीतून उठलोच. एक काम मात्र राहिले आहे. मागच्या लायनरची ड्रमला पूर्ण जागा बसायला काही शे किलोमीटर लागतात, तोवर हँडब्रेकची केबल पुन्हा ताणू नये. आणि ऑईल बदलल्याची तारीख वहीत लिहावी, दोन वर्षांनी पुन्हा बदलावे.

पसरणीकर

गहू असताना एकदा मोजावे.

अजिंक्यताऱ्याचा_पायथा

मोजतो. दिवाळीला पोती असतीलच.

स्विफ्टचे ब्रेक बसवण्याचा विचार तूर्त सोडला आहे. वारणाकाठ यांची पावसातली गोष्ट वाचल्यापासून तसाही पाय मागे येत होता. आता प्रश्न त्या डिस्क आणि कॅलिपरचा. दुकानदार परत घेत नाही. कोणाच्या स्विफ्टला हव्या असतील तर साडेतीन हजारांत देईन, साताऱ्यात येऊन पाहाव्यात.

मिरजेचा_नवा

माझ्याकडे २००९ सालची स्विफ्ट आहे आणि पुढच्या डिस्क बदलायच्याच आहेत. येण्यापूर्वी व्हर्निअरने दोन्ही डिस्कची जाडी चार-चार ठिकाणी मोजून कळवाल का? कडेची उभी राहिलेली धार सोडून, पॅड जिथे घासतो तिथली जाडी हवी. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती असल्यास तीही लिहावी. आणि कॅलिपरचे पिस्टन हाताने आत ढकलले जातात का, तेवढे पाहून सांगावे.

अजिंक्यताऱ्याचा_पायथा

आज संध्याकाळी मोजून इथेच लिहितो.